एका कानाचा निवाडा

डॉक्टरीणबाईंच्या हातून तसा एकच प्रमाद घडला. परंतु तो असा, की त्याचे प्रायश्चित्त सबंध घराला आठवडाभर घ्यावे लागले. भिंगरीच्या कानांविषयीचे सारे सांगून झाल्यावर त्या सहज म्हणून गेल्या, "औषध आत्ता एकाच कानात सोडायचं. दुसऱ्याचं पुढं बघू. दोन्ही कान तपासणीत अगदी सारखे आहेत, तेव्हा डावा की उजवा, ते तुम्ही घरी बसून ठरवा. रविवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा म्हणजे झालं. नाहीतर ही जागा मला पुढच्या मुलाला द्यावी लागेल."

घरी बसून ठरवा! ज्या घरात जिन्याच्या कठड्याला कोणता रंग द्यावा यावर मतैक्य होईपर्यंत तो कठडाच जीर्ण होऊन उतरवावा लागला, त्या घराच्या स्वाधीन असा अधिकार करण्यापूर्वी त्या विदुषीने क्षणभर तरी थांबायला हवे होते. तिचे ओठ वाचताच आत्यांच्या मनात आले, की झाले. आता आठवडाभर करमणुकीला तोटा नाही.

आत्या म्हणजे दिवंगत थोरल्या कातारींची धाकटी बहीण. जन्मापासून त्यांना ऐकू येत नसे. कारखान्यात लाकूड कातण्याची यंत्रे एकदा सुरू झाली, की तिथे सगळेच बहिरे. त्यामुळे या बहीणभावांनी बालपणी रचलेली हातांची बोली आधी कारागिरांनी उचलली, मग ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली, आणि पुढे घराची सूत्रे हाती येताच थोरल्या कातारींनी नियमच घालून दिला : जेवणाच्या मेजावर जे बोलायचे ते हातांनीही बोलायचे. ज्याचे हात गुंतलेले असतील त्याने मुकाट्याने जेवावे. त्या पुण्यपुरुषाच्या पश्चातही हा नियम अबाधित होता. त्याचे एक फळ असे, की घरातले काहीच आत्यांपासून लपून राहत नसे. आणि दुसरे असे, की ज्या दिवशी भांडण मोठे, त्या दिवशी अन्न थंड.

भिंगरी ही थोरल्या कातारींची नात, धाकट्या मुलाची मुलगी. तीही आत्यांसारखीच शब्दावाचून जन्मली. दूध सुटल्यापासून तिचा मुक्काम आत्यांच्या खोलीत, आत्यांच्याच खाटेवर. सात वर्षांची ती पोर आणि साठी ओलांडलेल्या आत्या यांच्या बोटांतून जे संभाषण झरत असे, त्याचा वेग इतका, की पोरीच्या सख्ख्या आईबापांनाही त्यातले निम्मे उमगत नसे. उरलेले निम्मे त्यांच्याविषयी असावे असा त्यांना संशय होता, आणि तो रास्त होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार नळी काढून दाखवली होती. या नळीतल्या पेशींपर्यंत आवाज येऊन पोचतो. पण तो पुढे मज्जातंतूच्या हवाली करायला जे प्रथिन लागते, ते या पोरीच्या शरीराला करता येत नाही, कारण ज्या जनुकात त्याची कृती लिहिलेली असते त्यातच चूक आहे. तेव्हा त्या कृतीची बिनचूक प्रत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पोटात घालून, सुईने त्या नळीत नेऊन सोडायची. प्रत फार लांब. एका विषाणूत मावत नाही. म्हणून तिचे दोन तुकडे करायचे, ते दोन वेगळ्या विषाणूंबरोबर धाडायचे, आणि पेशीत शिरल्यावर ते एकमेकांना जुळतात.

धाकट्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. तेव्हा आत्यांनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारून हातांनी सांगितले, "अरे, उंच खांब यंत्रावर एका लांबीत बसत नाही, तेव्हा आपण काय करतो? दोन तुकडे कातायचे, एकाला खुंटी ठेवायची, एकाला भोक, आणि जिन्यावर नेऊन जागच्या जागी बसवायचे. तेच."

"हात्तिच्या!" असे धाकटा म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरीणबाईंनी मग सहानुभूतीने आत्यांकडे पाहिले आणि ओठ मोठे करकरून सांगितले, की या वयात मात्र या औषधाचा फारसा लाभ व्हायचा नाही.

"मी विचारलं होतं का?" आत्या हातांनी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"आभार मानतायत," सूनबाई म्हणाल्या.

या सूनबाई म्हणजे भिंगरीची आई. पोहणे शिकवणे हा त्यांचा व्यवसाय. पाण्याखाली तोंड उघडता येत नाही, म्हणून हातबोली त्यांनी लग्नानंतर सर्वांहून लवकर आत्मसात केली होती. आत्यांना त्या आवडत. फक्त दवाखान्यातून परतताना त्यांनी गाडीत नवऱ्याला जे सांगितले, ते आरशात वाचून आत्यांचे मन थोडे खाली बसले होते. "ऐकू यायला लागलं की तिच्याशी सतत बोलत राहायला हवं. आपल्या खोलीत तिची वेगळी खाट टाकू." बस्स, एवढेच. त्यात वावगे काही नव्हते. ज्या खोलीत दिवसरात्र एक शब्दही उमटत नाही, त्या खोलीत ऐकायला शिकणाऱ्या पोराने निजून काय करावे? आत्यांना हे पटत होते. आणि जे पटते तेच अधिक टोचते, हाही अनुभव त्यांना नवा नव्हता.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट उजेडात आली होती. ही चूक एकाच घराकडून आली तर मुलाला काही होत नाही; दोन्ही घरांकडून एकेक यावी लागते. भिंगरीच्या आईची आई, म्हणजे विहीणबाई, गेली सात वर्षे चारचौघांत सुस्कारा टाकून म्हणत आल्या होत्या, "आमच्याकडे असलं काही नाही हो कुणाला." तपासणी झाल्या दिवसापासून विहीणबाईंनी हा विषय काढला नव्हता, आणि आजींनी तो सोडला नव्हता.

आजी म्हणजे थोरल्या कातारींच्या पत्नी, आत्यांच्या भावजय. रविवारी दुपारी सारे मेजाभोवती बसले तेव्हा नेहमीप्रमाणे भिंगरीच्या उजव्या हाताला आजी होत्या, डाव्या हाताला विहीणबाई, आणि समोर, जिथून हात नीट दिसतात अशा जागी, आत्या. सारा अनर्थ या मांडणीतच होता.

"उजवा," चमचा खाली ठेवून आजींनी तोंडाने आणि हातांनी जाहीर केले. "मी उजवीकडे बसते. नातीनं पहिला आवाज ऐकायचा तो आजीचा."

"मी पण आजीच आहे," विहीणबाई म्हणाल्या. हातबोलीतले मोजकेच शब्द त्यांना येत. त्यांपैकी 'नाही' हा सर्वांत सफाईदार होता, आणि तो त्यांनी दोनदा केला. "आणि डावा कान हृदयाजवळ असतो."

"हृदयाजवळ! मधे मान आहे की नाही, विहीणबाई?"

"तुमच्या बाजूला काय आहे मग?"

"भाषा आहे. उजव्या कानानं ऐकलेलं मेंदूत भाषेच्या जागी आधी जातं. मी वाचलंय."

"डॉक्टर म्हणाल्या ना, फरक पडत नाही!" सूनबाई कळवळून म्हणाल्या. "आई, तुम्ही दोघी जागा बदलून बसा ना. जिला बोलायचंय तिनं त्या बाजूला यायचं. कानाला कशाला ओढताय?"

सारे सूनबाईंकडे असे पाहू लागले, जणू त्यांनी घर पाडून तिथे तलाव बांधायची सूचना मांडली आहे. त्या खोलीची फरशी भिंतीकडे उतरती होती. म्हणून थोरल्या कातारींनी प्रत्येक जागेचा उतार मोजून तिथल्या खुर्चीचे चारही पाय वेगवेगळ्या लांबीचे कातले होते. आपल्या जागी प्रत्येक खुर्ची देवघरातल्या समईसारखी स्थिर. दुसऱ्या जागी नेली की बसणारा हळूहळू शेजाऱ्याच्या अंगावर.

"ह्यांनी माझ्यासाठी या जागेवर खुर्ची केली," आजी म्हणाल्या, आणि त्यांचे हात 'ह्यांनी' म्हणताना जरा जपून उठले. "ती हलणार नाही."

"आणि मी काय घसरगुंडी खेळत जेवू?" विहीणबाई म्हणाल्या.

"दोन्ही बाजूंत तथ्य आहे," असे यावर आजींच्या थोरल्या मुलाने म्हटले असावे. 'असावे' अशासाठी, की त्याच्या मिशा ओठांवर इतक्या उतरल्या होत्या, की आत्यांना त्याच्या तोंडून आजवर एकही शब्द वाचता आला नव्हता. घरे-जमिनींचे कागद करून देणे हा त्याचा धंदा, म्हणून घरात त्याला वकील म्हणत. काल संध्याकाळपर्यंत तो उजव्या पक्षात होता. पण आज विहीणबाईंनी त्याच्या ताटात सर्वांत खरपूस बटाटे वाढल्यापासून त्याला डाव्या कानाची बाजू नव्याने दिसू लागली होती.

"तू बोल की," आजींनी धाकट्याला फर्मावले. "बाप ना तू?"

धाकट्याने आधी आईकडे पाहिले, मग बायकोकडे, मग सासूकडे. "आई म्हणते तेही बरोबर आहे," तो म्हणाला. नंतर बायकोची नजर पाहून म्हणाला, "म्हणजे, तसं बरोबर नाही."

"हा असाच लहानपणापासून," आजी म्हणाल्या.

"सही दोघांची लागते," सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तू एका कानाचं नाव घे फक्त. कुठल्याही. मी डोळे मिटून सही करते."

"तसं घाईत कसं चालेल? आईला वाईट वाटेल."

"आणि माझ्या आईला?"

"तेच तर."

आता हात मागे पडले आणि तोंडे पुढे धावली. मेजाचा नियम मोडला गेला हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. आत्या एका ओठांवरून दुसऱ्या ओठांवर उड्या घेत वाचत होत्या. परंतु भिंगरीला इतक्या तोंडांचे एकदम वाचता येत नसे. तिने समोर बोटे नाचवली.

"काय चाललंय, आत्या?"

"तुझी आजी म्हणते, भात फार शिजला," आत्या गंभीर मुद्रेने म्हणाल्या. "ही आजी म्हणते, कच्चा राहिला. काका म्हणतात, दोन्हींत तथ्य आहे."

भिंगरीने मेजावरून नजर फिरवली. "आज भात नाहीच आहे."

"म्हणून तर एवढं भांडण."

"खोटं. खोटं बोलताना तुझी करंगळी वर राहते. माझ्या कानाचं चाललंय."

आत्यांनी करंगळी मिटून घेतली. या पोरीला शिकवताना आपण जरा अधिकच शिकवले, असे त्यांना वाटले आणि बरेही वाटले.

खरे सांगायचे तर हे भांडण इथवर आपोआप पोचले नव्हते. आठवड्याच्या आरंभी आजी कारखान्यात आल्या, यंत्राजवळच्या ढलप्या पायाने बाजूला सारून आत्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, घरचा माणूस म्हणून सांगा. उजवाच ना?" आत्यांनी हातातली पटाशी खाली ठेवून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात गाठून, तर्जनीने डाव्या कानाची पाळी हलवून, प्रश्नार्थक भुवया उंचावल्या. आत्यांनी तितक्याच सद्भावनेने मान डोलावली. शिवाय एकीला दुसरीविरुद्ध नवे मुद्दे पुरवले. भाषा उजवीकडे असते हे छापील चिटोरे आजींच्या उशाशी कुणी ठेवले, आणि हृदय डावीकडे असते याची आठवण विहीणबाईंना कुणी छातीवर हात ठेवून करून दिली, हे विचारण्याचे कुणाला सुचले नव्हते. एक निव्वळ गंमत, असे आत्या स्वतःला सांगत. गमतीच्या पोटात दुसरेही काही दडले आहे का, हे पाहायला त्या वाकल्या नव्हत्या.

"मत घेऊ," वकील उभा राहिला आणि आपल्या अडखळत्या हातांनी त्याने कार्यपद्धती समजावली. "उजव्या कानासाठी उजवा हात. डाव्यासाठी डावा. सगळ्यांनी एकदम. मागून बदलायचं नाही."

हात वर झाले. आजींचा उजवा, धाकट्याचाही उजवा, पण कोपरात वाकलेला. विहीणबाईंचा डावा, आणि बटाट्यांना स्मरून वकिलाचाही डावा. सूनबाईंचे दोन्ही हात मांडीवर. साऱ्यांच्या दृष्टी आत्यांकडे वळल्या.

आत्यांनी दोन्ही हात वर केले होते.

"हे काय?" आजी म्हणाल्या. "वन्सं, तुम्ही माझ्या बाजूच्या!"

"अहो, त्या आमच्यात आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात शब्द दिलाय."

"त्या शब्द देतील कसा?"

"मानेनं दिला!"

"मला तर कारखान्यात दिला!"

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि मग दोघींनी एकदमच आत्यांकडे पाहिले. आत्यांनी हात खाली घेतले नाहीत. भिंगरीला तो प्रकार इतका आवडला, की तिनेही दोन्ही हात उंच केले आणि बोटे नाचवली.

सूनबाई मात्र उठल्या. काही न बोलता त्यांनी आत्यांचे एक मनगट धरले, त्यांना मधल्या दाराने कारखान्यात नेले आणि काचेच्या खिडकीवर टांगलेला जाड पडदा ओढून घेतला. कारण त्या घरात कुजबुजायचे तर दार नव्हे, खिडकी बंद करावी लागे.

रविवार असल्याने यंत्रे थांबली होती. अर्धवट कातलेले जिन्याचे खांब भिंतीशी ओळीने उभे होते. ताज्या लाकडाचा गोडसर वास कोंदला होता.

"आत्या," सूनबाईंचे हात सावकाश चालत होते, आणि म्हणूनच अक्षर न् अक्षर स्पष्ट उमटत होते, "संध्याकाळ होत आली. तो माणूस आईला घाबरून काही ठरवणार नाही. आपण फोन केला नाही तर जागा गेली. परत कधी मिळेल, मिळेल की नाही, कुणाला माहीत. हे सगळं तुम्हाला दिसतंय. तरी तुम्ही मजा बघताय."

आत्यांनी पायाने एक ढलपी भिंतीकडे सारली.

"खरं सांगा. तिला ऐकू यायला नको आहे का तुम्हाला?"

असा थेट प्रश्न आत्यांना कुणी विचारत नसे. त्यांना लोक मीठ हवे का, थंडी वाजते का, एवढेच विचारत. त्यांनी शेजारच्या खांबावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत वळणावर एक बारीकसा काटा राहिला होता.

"यायला हवं," त्या अखेर म्हणाल्या. "शपथेवर सांगते. तिला सगळं ऐकू येऊ दे. तुझ्या आईचं बोलणंसुद्धा."

"मग?"

"मग ती कुठं निजणार, हे मला कुणी सांगत नाही. मला आरशात वाचावं लागतं."

आरशातले ते बोलणे सूनबाईंचेच होते. नव्या खाटेचे पाय तर धाकट्याने कालच कातून ठेवले होते; ते समोरच्या फळीवर मांजराच्या पिलांसारखे एकमेकांना लागून पडले होते. दोघींनी ते एकाच वेळी पाहिले.

"मी तुमच्यापासून तोडत नाहीये तिला," सूनबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, आवाज सतत कानावर पडायला हवा. निजतानासुद्धा आसपास बोलणं असलं तर बरं. तुमच्या खोलीत..."

"माझ्या खोलीत आवाज नाही. ठाऊक आहे मला."

सूनबाईंनी एकदम तोंड उघडले, काहीतरी म्हणणार असे दिसले, आणि मग का कोण जाणे, ओठ घट्ट मिटून खिडकीच्या पडद्याकडे पाहू लागल्या. त्यांच्या गालाचा एक स्नायू हलत होता. आत्यांना त्याचा अर्थ लागला नाही. रडू असावे, असे समजून त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

"चल," त्या म्हणाल्या. "मी पेटवलंय, मीच विझवते."

मेजावर आता तह होऊन पुन्हा युद्ध सुरू झाले होते. आत्यांनी आपल्या जागी उभ्या राहून मेजावर तळहात आपटला. भांडी थरारली, आणि ती थरथर कोपरांतून वर जाताच सारे वळले. थोरले कातारीही असेच करत.

"कान कुणाचा?" आत्यांनी विचारले.

आजींनी विहीणबाईंकडे पाहिले, विहीणबाईंनी वकिलाकडे.

"आठवडाभर तुम्ही मला विचारलंत, शेजाऱ्यांना विचारलंत, दाढी करणाऱ्यालाही विचारलंत." इथे वकिलाने नजर चुकवली. "जिचा कान आहे, तिला कुणी विचारलंय का?"

"ती लहान आहे हो, वन्सं," आजी म्हणाल्या. "तिला काय कळतंय?"

"तुम्हाला मोठं होऊन काय कळलं, वहिनी? मान मध्ये असते, एवढंच ना?"

विहीणबाईंना मधले हातवारे कळले नाहीत, पण आजींचा चेहरा पाहून त्या प्रसन्न झाल्या. आत्या भिंगरीकडे वळल्या. त्यांची करंगळी या वेळी नीट मिटलेली होती.

"डॉक्टर एका कानात औषध घालणार. मग हळूहळू, काही आठवड्यांनी, त्या कानानं ऐकू येईल असं म्हणतात. दुसरा अजून आहे तसाच राहील. तुला कुठला हवा? कुणाकडे बघू नकोस. नीट विचार कर."

भिंगरीने कुणाकडेही पाहिले नाही. तिने विचार केल्यासारखेही दिसले नाही. ज्या गोष्टीचा निकाल मनात केव्हाच लागलेला असतो, ती सांगताना मुले जशी कंटाळतात, तशी ती किंचित कंटाळली, आणि तिने डाव्या कानाची पाळी धरली.

"बघा!" विहीणबाईंनी टाळी वाजवली. "रक्त बोलतं शेवटी."

"कुणीतरी शिकवलं असेल," आजी म्हणाल्या. "का गं? डावाच का?"

वकिलानेही हाताने 'कारण?' असे विचारले. निर्णयाखाली कारण नोंदवलेले नसले की त्याला चैन पडत नसे.

भिंगरीने दोन्ही तळहात जोडून गालाखाली उशी केली आणि डावीकडे कलंडून दाखवले. "मी आत्याकडं तोंड करून अशी झोपते. हा कान उशीत जातो."

"मग?"

"मग आत्याचं घोरणं ऐकू येणार नाही."

मेजावरचे सारे हात जिथल्या तिथे थिजले.

"माझं काय?" आत्यांनी विचारले.

भिंगरीने ती खूण पुन्हा केली, या वेळी जरा मोठी करून. मोठ्या माणसांना एकदा सांगून समजत नाही हे तिला ठाऊक होते. "घोरणं. खाट हलते ना. रोज हलते. मी बाबांना विचारलं, की आत्या झोपली की खाट का हलते. ते म्हणाले, तो आवाज असतो. भिंतीपलीकडं जातो. खाट हलली तर मला चालतं. आवाज नको."

आत्यांनी धाकट्याकडे पाहिले. धाकटा ताटातल्या एका वाटाण्याचे निरीक्षण करीत होता. त्यांनी वकिलाकडे पाहिले. मिशांमागे काय चालले होते देव जाणे, पण मिशा हलत होत्या. सूनबाईंनी तोंडावर हातरुमाल धरला होता, आणि कारखान्यात गालाचा तो स्नायू कशाने हलत होता याचा अर्थ आत्यांना आत्ता लागला.

"वहिनी," त्यांनी सावकाश विचारले, "मी घोरते?"

आजी सत्यवचनी होत्या. त्यांनी हात पुसले. "ह्यांनी शपथ घातली होती सगळ्यांना. लग्न होऊन आले, त्या पहिल्याच रात्री. म्हणाले, तिला कळता कामा नये. तिच्या वाट्याला एक तरी गोष्ट अशी असू दे, की जी तिच्याऐवजी दुसऱ्यांनी सोसायची."

"एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं."

"फार?"

या घरच्या शपथा विहीणबाईंवर बंधनकारक नव्हत्या. त्यांनी ओठ मोठे करून, एकेक शब्द तोडून, अत्यंत उपकारक वृत्तीने सांगितले, "आत्याबाई, पहिल्यांदा मुक्कामाला आले, तेव्हा मला वाटलं, पहाटेच कारखाना सुरू झाला. मी उठून चहा ठेवला!"

"आणि तो चहा पीत, तो कारखाना नव्हे, हे मी तासभर विहीणबाईंना पटवत बसले," आजी म्हणाल्या, आणि त्या दोघी, आठवड्यात प्रथमच, एकाच पक्षात येऊन हसू लागल्या.

रागावण्याचा आपला हक्क आत्यांना पूर्ण मान्य होता. तो बजावायला त्यांनी हात उचललेही. पण नजर भिंगरीकडे गेली. पोरगी अजून तशीच कलंडलेली होती, गालाखाली तळहात, तोंड समोर, जिथे खाटेवर रोज आत्यांचा चेहरा असतो तिकडे. 'झोपते' म्हणाली होती; 'झोपत होते' म्हणाली नव्हती. दुसरी एखादी खाट या जगात असू शकते, हे तिच्या हिशेबातच नव्हते. ज्या कानासाठी दोन घरे आठवडाभर झुंजली, तो तिने निवडला तो कुणाचा आवाज ऐकू यावा म्हणून नव्हे, तर आहे त्याच जागी निजता यावे म्हणून.

आत्यांचे हात हवेतच राहिले. सूनबाईंनी रुमाल खाली घेतला होता. त्यांनी मेजापलीकडून, इतर कुणाला दिसू नये अशा बेताने, छातीशी अगदी लहान हात करून सांगितले, "दिवसभर मी बोलेन तिच्याशी. रात्रीचं तिनं ठरवलंय. आणि आत्या, तुमच्या खोलीत आवाज नाही, असं पुन्हा म्हणू नका."

मग त्यांनी नवऱ्याकडे नुसते पाहिले. धाकटा उठला. आईकडे न पाहता, सासूकडे न पाहता, तो कोनाड्यातल्या फोनपाशी गेला, आणि त्याचे ओठ आत्यांनी आपल्या जागेवरूनच अखेरपर्यंत वाचले.

"हो, ठरलं. डावा. हो, नक्की. सही आम्ही दोघंही करतोय, उद्या येऊन. नाही, आता बदलणार नाही." पलीकडून काही विचारले गेले असावे, कारण तो वळून क्षणभर सबंध मेजाकडे पाहत राहिला. "कसं ठरवलं? तसं काही नाही, डॉक्टर. घरगुती कारण आहे."

फोन ठेवला गेला. आजींनी पराभव पाण्याच्या घोटाबरोबर गिळला आणि विहीणबाईंच्या वाटीत, न मागता, सूप वाढले. सूप गार होते. पण त्याची तक्रार करायची हिंमत त्या दिवशी कुणाला नव्हती.

आत्या मात्र अजून उभ्याच होत्या. त्यांना एक शंका होती, आणि ती विचारल्यावाचून अन्न गोड लागणार नव्हते. त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली, तोंड उघडले, आणि घोरणारा मनुष्य कसा दिसत असेल याची निव्वळ कल्पना करून, छाती भरभरून, खांदे उचलून, हात ओठांपासून छतापर्यंत नेत तो आवाज सर्वांसमक्ष करून दाखवला. मग एक डोळा उघडून त्यांनी भिंगरीला विचारले, "एवढा?"

भिंगरीने प्रामाणिकपणे विचार केला. मग ती खुर्चीवर उभी राहिली आणि तिने दोन्ही बाहू जितके पसरता येतील तितके पसरले. इतके, की एका हाताची बोटे आजींच्या नाकाला लागली आणि दुसऱ्या हाताची विहीणबाईंच्या.

"याहून मोठा," ती म्हणाली.